जुनी गाडी घेताना : आधी बुडखा पाहा, मग पाला



ऊस विकास विभागाच्या पानावर लागण, बेणे, खते, ठिबक आणि हुमणी यांखेरीज दुसरा विषय सहसा येत नाही. या वेळी मात्र आम्ही मोटारगाडीवर लिहीत आहोत. कारण उघड आहे. बिले जमा झाली की गट ऑफिसात खताच्या डोसापेक्षा गाडीची चौकशी जास्त होते. मागल्या महिन्यात एक जुने सभासद आले. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो.

"साहेब, स्कॉर्पिओ बघून ठेवलीय. सेकंडहँड, पण एकदम चकाचक. घेऊ का?"

"आण्णा, घरात माणसं किती?"

"आम्ही दोघं, पोरगा, सून, दोन नातवंडं आन् आई. सात."

"मग गाडी बघायला आईंना नेलं होतं का?"

आण्णा हसले. "आईला कशाला? तिला काय कळतंय गाडीतलं?"

सर्व लेखाचे सार या प्रश्नात आहे. आपण गाडीचे नाव विचारतो, रंग पाहतो, किंमत ठरवतो. त्यात बसणार कोण आणि ती गाडी आजवर कशी वापरली गेली, हे शेवटी विचारतो किंवा विचारतच नाही.

जुनी गाडी म्हणजे खोडवा

जुनी गाडी ही खोडव्यासारखी असते. लागणीचा खर्च वाचतो, हे खरे. चांगल्या लागणीचा, वेळेवर बुडखे छाटलेला, नांग्या भरलेला खोडवा उत्तम पैसा देतो. पण गवताळ वाढ लागलेल्या प्लॉटचा खोडवा केवळ हिरवा दिसतो म्हणून कोणी ठेवत नाही. तिथे आपण वाकून बुडखा पाहतो. गाडी घेताना मात्र पाला पाहून भुलतो.

आम्ही स्वतः भुललो होतो. २०२० च्या आरंभी आम्ही घरासाठी एक जुनी गाडी घेतली. एकहाती वापर, रनिंग कमी, रंग नवा. विकणाऱ्याचे नाव व गाडीचे नाव येथे देत नाही. पुढच्या वर्षी जानेवारीत, हंगाम जोरात असताना, रात्री घरी परतत होतो. मागे मुले झोपलेली. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागून ट्रक. आणि एकदम गाडीचे सगळे दिवे गेले. इंजिनही बंद पडले. कडेला कसेबसे उतरलो, म्हणून आज लिहीत आहोत. दुसऱ्या दिवशी फिटरने गाडीतले कार्पेट उचलले, तर खाली वाळलेला गाळ. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती गाडी बुडालेली होती. वायरिंग आतून कुजत आले होते. प्लॉटवर जाऊन खोडवा ठेवावा की मोडावा हे दुसऱ्याला सांगणारे आम्ही. पण गाडीचे कार्पेट उचलून पाहिले नाही.

आपल्या भागात २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये महापूर आला. त्या वेळी बुडालेल्या गाड्यांपैकी काही धुऊनपुसून बाजारात आल्या. म्हणून ही दक्षता आपल्याला इतरांपेक्षा अधिक हवी.

चार गाड्या, चार स्वभाव

आपल्याकडे कुटुंबासाठी ज्या मध्यम आकाराच्या जुन्या गाड्या विचारल्या जातात, त्यांतल्या चार पाहू.

स्कॉर्पिओ २००२ साली आली. मजबूत चेसिसवर वेगळी बॉडी आणि मागच्या चाकांना ताकद, अशी तिची बांधणी. शेतरस्त्याला घट्ट, सुटे भाग तालुक्याला मिळतात, कोणताही फिटर हात घालतो. पण तिची पायरी उंच. वयस्कर माणसाला चढताना हात द्यावा लागतो. काही प्रकारांत मागे समोरासमोर आडवे बाक आहेत. नातवंडांना तिथे बसवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, ती घातक आहे. धडकेत आडव्या बाकावरच्या माणसाला आधार नसतो. २०१६ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. २०२२ मध्ये पाच तारे मिळाले ते नव्या स्कॉर्पिओ-एनला. ती सर्वस्वी वेगळी गाडी आहे. विकणारा नव्याचे तारे जुन्याला चिकटवतो, तेथे फसू नये.

एक्सयूव्ही ५०० ही २०११ ते २०२१ या काळातली. २.२ लिटरचे डिझेल इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि तिसऱ्या रांगेची आसने पुढे तोंड करून. सात माणसांच्या घराला ही सोय मोठी. मात्र तिसरी रांग मुलांपुरतीच, आणि ती उघडली की सामानाला जागा उरत नाही. गाडीत विजेची उपकरणे पुष्कळ. सबब पाण्यात बुडालेली असेल तर हिच्याइतका मनस्ताप दुसरा नाही. घेण्यापूर्वी प्रत्येक बटण दाबून पाहावे.

डस्टर २०१२ साली आली, आणि त्या पिढीचे आपल्या देशातले उत्पादन २०२२ मध्ये थांबले. पोट जमिनीपासून वीस सेंटिमीटरहून थोडे अधिक उंच, त्यामुळे सरीवरंब्याच्या वाटेलाही घासत नाही. खड्ड्यातून इतकी आरामात चालणारी गाडी या किमतीत क्वचितच मिळते. पण आसने पाचच. तिच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. चालता चालता तुटला तर इंजिन खोलण्याची पाळी येते. बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करावा. २०१७ च्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या डस्टरला शून्य तारे मिळाले. चालकाला एअरबॅग असलेल्या डस्टरला तीन. नाव तेच, फरक एका पिशवीचा.

क्रेटा २०१५ साली आली, तिची दुसरी पिढी मार्च २०२० मध्ये. चढायला सोपी, चालवायला हलकी, घरातल्या सर्वांना चालवता येईल अशी. आसने पाच. बाजारात मागणी मोठी, म्हणून जुनीही स्वस्तात मिळत नाही. पण पुढे विकताना ते पैसे बऱ्यापैकी परत येतात. २०२२ च्या चाचणीत दुसऱ्या पिढीला तीन तारे मिळाले.

आता साल पाहण्याचे महत्त्व लक्षात घ्यावे. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. पुढच्या दोन्ही आसनांना ती १ जानेवारी २०२२ पासून सक्तीची. त्याआधीच्या गाडीत एअरबॅग आहे की नाही, हे प्रत्येक प्रकाराप्रमाणे बदलते. ज्या रस्त्यांवर रात्री आपल्याच उसाच्या ट्रॉल्या रिफ्लेक्टरविना उभ्या असतात, त्या रस्त्यांवर अलॉय व्हीलपेक्षा एअरबॅग आणि चांगले ब्रेक यांना जास्त मोल द्यावे.

डिझेल की पेट्रोल?

आपला कल डिझेलकडे. हिशेब करून पाहू. वर्षाला आठ हजार किलोमीटर रनिंग धरले आणि डिझेल गाडी लिटरला १४, पेट्रोल गाडी ११ किलोमीटर देते असे मानले, तर डिझेल सुमारे ५७० लिटर लागेल व पेट्रोल सुमारे ७३०. त्या दिवसाचा भाव लावून फरक काढावा. वर्षाला जेवढा वाचेल, त्याच्या कितीपट जादा किंमत डिझेल गाडीला मोजतो आहोत, हे पाहावे. रनिंग थोडे असेल तर ती किंमत वसूल व्हायला बरीच वर्षे जातात.

दुसरे असे, की १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग धावावी लागते. घर ते मळा, मळा ते सोसायटी एवढेच फिरणे असेल तर जाळी तुंबते आणि खर्च निघतो. अशा घराला पेट्रोल बरी.

पाहणी कशी करावी

गाडी दिवसा पाहावी, सकाळी, इंजिन थंड असताना. बॉनेट गरम लागले तर आधीच चालू करून ठेवली आहे असे समजावे. चालू केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळते. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा साय असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असल्याची शंका घ्यावी. चालू इंजिनवर ते झाकण सैल करताच धूर जोराने बाहेर आला तर इंजिन बॅक मारते आहे, हे फिटर सांगेल.

सर्व सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावेत. बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर आत गाळाची रेघ राहते. कार्पेट, स्टेपनीखालची जागा आणि सीटचे रूळ पाहावेत. गंज, गाळ, कुबट वास यांपैकी काही आढळले तर किंमत कितीही उतरवली तरी माघारी फिरावे.

टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी पाच-सहा वर्षे जुनी, रनिंग वीस हजार, आणि चारही टायर अलीकडचे असतील तर मीटरवर शंका घ्यावी. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसच्या वेळी किलोमीटरची नोंद होते. ती मालकाकडून मागून घ्यावी.

कागद म्हणजे सातबारा

जमीन घेताना सातबारा न पाहता कोणी इसार देत नाही. गाडीचे आर.सी. बुक तसेच वाचावे. चेसिस व इंजिन नंबर प्रत्यक्ष ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ घेऊन तो उतरवून घ्यावा. हस्तांतराला नमुना २९ व ३० लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर नमुना २८ ची एन.ओ.सी. लागते, आणि आपल्याकडे कर भरावा लागतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, तेही पाहावे.

विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज द्यावा. नाही तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आणि जे सभासद गाडी विकतात त्यांनीही लक्षात ठेवावे : नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदणी ज्याच्या नावावर त्याच्यावर येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. "नंतर नाव करू" या एका वाक्यावर घर बसू शकते.

हप्त्याचे गणित

उसाचे पैसे हंगामात येतात. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. आडसाली उसाला तर दीड वर्ष लागते. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा बहुधा जास्त असतो. म्हणून पुढच्या बिलाच्या भरवशावर हप्ता बांधू नये. सोसायटीचे कर्ज आणि पुढच्या लागणीचा खर्च बाजूला काढून उरेल त्यात गाडी बसवावी. त्यातलेही दहा टक्के पहिल्या दुरुस्तीसाठी राखावेत. जुनी गाडी पहिल्या वर्षी काहीतरी मागतेच.

आण्णांनी दुसऱ्या खेपेस आईंना नेले. स्कॉर्पिओची पायरी पाहून म्हातारी म्हणाली, "बाबा, मला यात बैलगाडीसारखं उचलून टाकावं लागंल." ती गाडी राहिली. दुसरीच्या सीटबेल्टवर गाळाची रेघ निघाली, तीही राहिली. पुढे महिनाभराने एक एक्सयूव्ही ५०० मिळाली. रंग दोन ठिकाणी उडालेला, पण सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या हजर. नाव होईपर्यंत आण्णांनी पैशाचा शेवटचा भाग हातात ठेवला. सौदा ठरल्यापेक्षा कमीत झाला, आणि उरलेल्या रकमेत खालच्या मळ्याचे ठिबक बसते आहे.

कोणा सभासदाला गाडी पाहायला जायचे असेल आणि सोबत हवी असेल, तर गट ऑफिसात निरोप ठेवावा. आम्हाला इंजिनातले फार कळत नाही. पण कार्पेट उचलायला आम्ही आता शिकलो आहोत.

— ऊस विकास अधिकारी