दोघे, दोन सॅक आणि तीन शहरे

मराठी मध्यमवर्गीय माणूस परदेश पाहू लागला तो प्रामुख्याने सहल कंपन्यांच्या बसमधून. त्यात गैर काही नाही. भाषेची अडचण, शाकाहारी जेवणाची चिंता, अनोळखी स्थानकांवरची धांदल या साऱ्यांतून अशा सहली प्रवाशाची सुटका करतात. मात्र या सोयीची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते. पंधरा दिवसांत सात-आठ देश पाहायचे म्हटले, की शहर बसच्या खिडकीत येते आणि खिडकीतूनच मागे पडते. त्यामुळेच स्वतःचे सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन, स्वतः आखलेल्या मार्गाने हिंडण्याकडे, म्हणजेच बॅकपॅकिंगकडे, अनेक जोडपी वळू लागली आहेत. हा विशीतल्या मुलांचा उद्योग आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही पती-पत्नींनी प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही तीन शहरे तेरा रात्रींत, दोन सॅकच्या बळावर पाहिली. असा प्रवास कसा आखावा आणि त्यातून नेमके काय हाती लागते, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

हीच तीन शहरे का?

शहरांची निवड करताना प्रसिद्धीपेक्षा परस्परसंबंधाचा विचार अधिक उपयोगी ठरतो. ही तिन्ही शहरे १९१८ पर्यंत एकाच हॅब्सबर्ग साम्राज्यात होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र प्राग आणि बुडापेस्ट सोव्हिएत प्रभावाखाली गेली आणि व्हिएन्ना पश्चिमेकडे राहिले. मधल्या सीमेवर काटेरी तारा आल्या. हंगेरीतील १९५६ चा उठाव चिरडला गेला तेव्हा सुमारे दोन लाख माणसे देश सोडून गेली आणि त्यांतील बहुसंख्य ऑस्ट्रियात पोहोचली. १९८९ मध्ये त्या तारा निघाल्या आणि २००७ च्या डिसेंबरात चेक प्रजासत्ताक व हंगेरी हे दोन्ही देश शेन्गेन क्षेत्रात आले. आज प्रागहून व्हिएन्नाला थेट रेल्वेने सुमारे चार तासांत आणि तेथून बुडापेस्टला पावणेतीन तासांत पोहोचता येते. विमानाने गेल्यास हा इतिहास पायाखालून निघून जातो. रेल्वेत मात्र फलाटावरच्या पाट्यांची भाषा बदलते आणि आपण सीमा ओलांडली हे कळते.

असे असले तरी पासपोर्ट हाताशी ठेवावाच लागतो. २०१५ मध्ये ऑस्ट्रियाने हंगेरीच्या सीमेवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आणि नंतर तिची मुदत वेळोवेळी वाढवली. डब्यात पोलीस आले तर गोंधळून जाण्याचे कारण नाही.

व्हिसा आणि चलन

तिन्ही देशांना एकच शेन्गेन व्हिसा चालतो. अर्ज कोणत्या देशाकडे करावा, याचा नियम सोपा आहे. जेथे मुक्काम सर्वाधिक दिवसांचा, त्या देशाकडे. मुक्काम समान असल्यास प्रथम जेथे प्रवेश होणार, त्या देशाकडे. प्रागला चार, व्हिएन्नाला पाच आणि बुडापेस्टला चार रात्री, असा आमचा आराखडा असल्याने अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागला. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा बंधनकारक आहे. जून २०२४ पासून प्रौढांसाठीचे व्हिसाशुल्क ९० युरो झाले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नव्या पद्धतीनुसार क्षेत्रात प्रवेश करताना बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. त्यामुळे विमानतळावर थोडा अधिक वेळ हाताशी ठेवावा.

व्हिसा एक असला तरी चलने तीन आहेत: चेक कोरुना, युरो आणि हंगेरीचा फोरिंट. एटीएमवर किंवा दुकानातील यंत्रावर रक्कम स्थानिक चलनात हवी की रुपयांत, असा प्रश्न विचारला जातो. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, परंतु त्यातील विनिमयदर बहुधा तोट्याचा असतो. नेहमी स्थानिक चलन निवडावे.

सॅकमध्ये काय असावे?

सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्यांना सॅक भरण्याची कला वेगळी शिकवावी लागत नाही. चाळीस लिटरची सॅक आणि सात-आठ किलो वजन, ही मर्यादा दोघांनीही पाळली तर प्रवास सुखाचा होतो. या जुन्या शहरांतील रस्ते दगडी चिऱ्यांचे आहेत. त्यांवर चाकांची बॅग ओढणे म्हणजे चाकांची आणि हातांची परीक्षाच. कपडे चार दिवसांपुरते घ्यावेत आणि मुक्कामी धुवावेत. पादत्राणे मात्र उत्तम आणि आधी वापरून रुळलेली असावीत, कारण दिवसाकाठी बारा-पंधरा किलोमीटर चालणे सहज होते.

खाण्याचे पदार्थ नेताना एक नियम ध्यानात ठेवावा. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ वैयक्तिक सामानातून नेता येत नाहीत. त्यामुळे पेढे, बर्फी आणि तूप घरीच ठेवावे. मेतकूट, चटणी आणि भाजणी यांनी मात्र आमची चांगली साथ केली. बहुतेक होस्टेलांत सामायिक स्वयंपाकघर असते. तेथे रात्री भात शिजवून मेतकुटाबरोबर खाताना शेजारच्या चुलीवर कोणी पास्ता करीत असतो आणि ओळख होण्यास तेवढे निमित्त पुरते. होस्टेल म्हणजे केवळ दहा खाटांची खोली नव्हे. अनेक ठिकाणी दोघांसाठी स्वतंत्र खोली मिळते, न्हाणीघर तेवढे सामायिक असू शकते. स्वतःचे कुलूप जवळ असावे. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, हे लक्षात घेऊन शनिवारीच शिधा भरावा.

प्राग : पहाटेचा पूल

प्रागमधील चार्ल्स पूल सम्राट चौथ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत, १३५७ मध्ये बांधण्यास प्रारंभ झाला. पाचशे मीटरहून अधिक लांबीच्या या दगडी पुलावर दोन्ही बाजूंना मिळून तीस शिल्पे आहेत. दुपारी तेथे पाय ठेवण्यास जागा नसते. मुक्काम शहरातच असेल तर सूर्योदयापूर्वी जाता येते आणि तेव्हा पूल, नदी व समोरचा किल्ला एकत्र पाहता येतात. जुन्या चौकातील खगोलीय घड्याळ १४१० मधील आहे. दर तासाला त्यातील प्रेषितांच्या आकृती फिरतात. तो खेळ मिनिटभरात संपतो. त्यामागील चंद्र-सूर्याच्या गतीचे गणित समजून घेण्यास मात्र अर्धा तास द्यावा.

तेथून थोड्याच अंतरावर ज्यूंची जुनी वस्ती आहे. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या बोहेमिया-मोराविया प्रांतांतील सुमारे ७७ हजार ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. बाजूच्या दफनभूमीत जागा अपुरी पडल्याने शतकानुशतके थरांवर थर देऊन दफने झाली आणि शिळा एकमेकींवर कलल्या आहेत. सहलीच्या वेळापत्रकात अशा ठिकाणी वीस मिनिटे मिळतात. आम्ही तेथे दीड तास थांबलो आणि बाहेर आल्यावर बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही. भारतीयांसाठी या शहरात आणखी एक खूण आहे. देजवित्से भागातील एका रस्त्यास रवींद्रनाथ ठाकूर यांचे नाव दिलेले आहे. त्यांनी १९२१ आणि १९२६ मध्ये प्रागला भेट दिली होती.

व्हिएन्ना : तटाच्या जागी रस्ता

व्हिएन्नाचा जुना तट पाडण्याचा आदेश सम्राट फ्रान्झ जोसेफ याने १८५७ मध्ये दिला आणि त्या मोकळ्या जागेत रिंगस्ट्रास हा प्रशस्त मार्ग उभा राहिला. १८६५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मुंबईच्या वाचकास यात ओळखीचे काही सापडेल. त्याच सुमारास, १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचे तटही पाडले गेले आणि तेथे नव्या सार्वजनिक इमारती आल्या. रिंगवरून ट्रामने वा पायी फिरताना संसद, विद्यापीठ, नगरभवन आणि संग्रहालये एकापाठोपाठ एक येतात. त्यांचा क्रम समजला की हे शहर हरवू देत नाही.

येथील राष्ट्रीय संगीतिकागृहात उभ्याने पाहण्याची तिकिटे प्रयोगाच्या दिवशी अल्प दरात मिळतात. आत गेल्यावर कठड्याला रुमाल बांधून आपली जागा राखण्याची रीत आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या चढल्यावर साऱ्या शहराचा नकाशा डोळ्यांपुढे उलगडतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी १८७३ पासून जलवाहिनीने शहरात येते आणि ते नळातून थेट पिता येते.

सुभाषचंद्र बोस यांचे १९३० च्या दशकात या शहरात वास्तव्य होते. १९३४ मध्ये त्यांची आणि एमिली शेंक्ल यांची भेट येथेच झाली. अभ्यासाच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेली माहिती त्या रस्त्यांवरून चालताना वेगळीच जवळची वाटते.

बुडापेस्ट : एक नदी, दोन तीर

बुडा, ओबुडा आणि पेस्ट यांच्या एकत्रीकरणातून १८७३ मध्ये बुडापेस्ट हे शहर झाले. बुडाला टेकड्या आणि पेस्टला सपाटी, मध्ये डॅन्यूब. १८४९ मध्ये खुला झालेला साखळी पूल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला. तो पुन्हा बांधून बरोबर शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये, खुला करण्यात आला. १८९६ ची भुयारी रेल्वे ही युरोपच्या मुख्य भूमीवरील पहिली. तिचे पिवळे, बुटके डबे आणि लहानखुरी स्थानके यांमुळे तो प्रवास हाच एक प्रेक्षणीय अनुभव ठरतो. या मार्गाने सेचेनी स्नानगृहापर्यंत जाता येते. १९१३ मध्ये सुरू झालेल्या त्या गरम पाण्याच्या कुंडांत स्थानिक वृद्ध मंडळी बुद्धिबळ खेळताना दिसतात. पोहण्याचा पोशाख आणि रबरी चपला आठवणीने न्याव्यात. त्याच १९१३ मध्ये चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म या शहरात झाला.

संसदेजवळ नदीकाठी लोखंडी बुटांचे साठ जोड ठेवलेले आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यूंना काठावर उभे करून बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत ढकलले. २००५ मध्ये त्यांचे हे स्मारक झाले. त्यात लहान मुलांचेही बूट आहेत. रोषणाईने उजळलेल्या नदीतून नौकाविहार करणाऱ्यांना ते दुरून दिसतही नाहीत. काठाने चालणारा त्यांच्यापाशी थबकतो.

दोघांनी हिंडताना

अशा प्रवासात खरी कसोटी लागते ती परस्परसंबंधांची. घरी अनेक निर्णय सवयीने होतात, परक्या शहरात ते दर तासाला नव्याने घ्यावे लागतात. आम्ही कामे वाटून घेतली. तिकिटे आणि मार्ग पत्नीकडे, पैसे आणि जेवण माझ्याकडे. ज्याचे काम त्याचा शब्द अखेरचा, असेही ठरवले. पासपोर्टच्या प्रती, विम्याचा क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून दोघांकडेही ठेवला.

चुकामूक झाली तर काय करायचे, हेही निघण्यापूर्वीच ठरवावे. मागे राहील त्याने जागचे हलायचे नाही, पुढे गेला त्याने पुढच्या स्थानकावर उतरून परत यायचे, हा आमचा नियम होता. व्हिएन्नात भुयारी रेल्वेची दारे लागली तेव्हा मी आत आणि ती फलाटावर राहिली. फोन लागत नव्हता. सात-आठ मिनिटांनी मी परतलो, तर ती बाकावर शांतपणे नकाशा वाचीत बसलेली. नियम नसता तर दोघांनी एकमेकांना शोधत तो सारा दिवस घालवला असता.

दररोज दोन तास वेगळे हिंडावे, असाही एक सल्ला द्यावासा वाटतो. तिला चित्रे पाहायची होती, मला बाजार. संध्याकाळी भेटल्यावर सांगण्यासारखे दोघांकडेही काही असे. तीस वर्षांच्या संसारानंतर हेही थोडके नव्हे.

सार्वजनिक वाहतुकीबाबत शेवटची सूचना. व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेत अडवणारी फाटके नसतात, आणि तिन्ही शहरांत कागदी सुटे तिकीट यंत्रात घालून शिक्का उमटवल्याशिवाय वैध ठरत नाही. तपासनीस केव्हाही येतो आणि परदेशी म्हणून दंड माफ होत नाही. रेल्वेचे तिकीट आणि आसनाचे आरक्षण या तेथे दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. गर्दीच्या दिवसांत आरक्षण वेगळे करावे. काटकसर मुक्कामात, जेवणात आणि खरेदीत करता येते. विमा, पादत्राणे आणि प्रत्येक शहराला द्यायचे दिवस यांत ती करू नये. रजा दहाच दिवसांची असेल तर तीनऐवजी दोन शहरे पाहावीत, आणि जाताना एका शहरात उतरून येताना दुसऱ्या शहरातून निघणारे विमानाचे तिकीट काढावे. त्यामुळे परतीच्या रेल्वेप्रवासाचा दिवस वाचतो.