पूर्वजांचे गाव आणि कागदावरील सन

अठराव्या शतकातील आपले पूर्वज एकाच गावात, एकाच शेतावर पिढ्यान्‌पिढ्या खिळून होते, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की तिच्याविषयी शंका घेणेही कित्येकांना कुलाभिमानाला बाध आणणारे वाटते. परंतु त्या काळचे मोडी कागद निराळेच सांगतात. मिरासदार, म्हणजे जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार, हा दिवाणचा धारा बिनचूक भरीत असेपर्यंत जमिनीवरून हलविला जात नसे, आणि दुष्काळात परागंदा होऊन काही वर्षांनी परतला तरी आपला हक्क सांगू शके. त्याच्या बांधाला लागून राबणारा उपरी मात्र बहुधा वंश खुंटलेल्या कुळांची 'गतकूळ' जमीन कसणारा. पडीक रान लागवडीस आणावे म्हणून महालाचा वसूल पाहणारा कमाविसदार त्याला इस्ताव्याचा कौल देई, म्हणजे पहिल्या वर्षी अल्प सारा आणि पुढे दरसाल चढत जाऊन अखेर पुरा धारा. शेजारच्या महालात अधिक सवलतीचा कौल मिळाला की तो बैलजोडी आणि मुलेबाळे घेऊन तिकडे जाई. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज असे उपरी असणार, आणि त्यात लाजण्यासारखे काहीही नाही.

गाव का सुटले, असे विचारले की घरोघरी 'पानिपत' हेच उत्तर मिळते. पानिपताचा घाव दारुण होता खरा. तथापि 1761 नंतर अवघ्या दहा वर्षांत मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या, आणि 1795 मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. देशावरील रयतेची दैना अधिक जवळच्या कारणांनी झाली. दुसऱ्या बाजीरावाने महाल इजाऱ्याने, म्हणजे वसुलीच्या मक्त्याने, देण्यास आरंभ केला. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजा मोडल्या. होळकरांच्या लष्कराने आणि पेंढाऱ्यांनी उभी पिके फस्त केली, आणि पुढील वर्षी परतीच्या पावसाने दगा दिल्यावर पुणे व अहमदनगर प्रांतांतील गावेच्या गावे ओस पडली.

आणखी एक चूक सुशिक्षितही करतात. जुन्या कागदावर 'समान सबैन मया व अलफ' असे आढळले की अरबी शब्द पाहून तो 1178 हा हिजरी सन समजला जातो, आणि कागद 1764-65 चा, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला ठरतो. वस्तुतः हा शुहूर सन, मृग नक्षत्रापासून सुरू होणारा सौर सन. आणि तो कागद 1777-78 चा, सवाई माधवराव पाळण्यातून नुकतेच उठले असताना बारभाईंचा कारभार चालू होता त्या काळचा. तेरा वर्षांच्या या फरकाने आजोबाचा नातू होतो आणि वंशावळच विस्कटते. म्हणून घरात असा कागद निघाला, तर मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेस 599 आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या तारखेस 600 मिळवून पाहावे, आणि तो मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेईपर्यंत कृपा करून रद्दीत टाकू नये.