काठी कोणत्या हातात धरावी?

उजवा खुबा दुखायला लागला की माणूस काठी बहुधा उजव्याच हातात धरतो. जिथे दुखतं तिथे आधार द्यावा, असं मनाला वाटतं. शरीराचं यंत्रशास्त्र मात्र उलट सांगतं: काठी डाव्या हातात हवी.

चालताना दर पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर असतो. त्या क्षणी धड आतल्या बाजूला कलू पाहतं आणि खुब्याच्या बाहेरचे स्नायू त्याला ओढून धरतात. पण पहार आखूड टोकाकडून दाबावी तसं त्यांचं होतं. तरफ जेमतेम काही सेंटिमीटरची, म्हणून जोर प्रचंड लागतो आणि तो सगळा सांध्यावर येतो. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम खुब्यातच मापक बसवून हा भार मोजला. साध्या चालण्यात तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भरला. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला १५० किलो! डाव्या हातातली काठी उजव्या खुब्यापासून लांब टेकते. तिची तरफ लांब, त्यामुळे हातातल्या थोड्याशा दाबानेही स्नायूंची ओढ बरीच कमी होते. हे सांगायला ना एक्स-रे लागतो ना औषध, लागतं ते दोन मिनिटांचं ज्ञान. ते गावच्या आरोग्य केंद्रातच मिळायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

शरीरावरच्या भाराचं असं ज्ञान तिथे पूर्वी पोहोचलेलं आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांचा अभ्यास केला. जखमा मांस आपोआप सडून होत नाहीत. वेदना कळत नसल्याने एकाच जागी हजारो पावलांचा दाब पडत राहतो आणि त्यातून त्या होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या विचारातूनच मऊ मायक्रोसेल्युलर (एमसीआर) रबराच्या चपला आल्या आणि सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून रुग्णांच्या पायांत गेल्या.

मधुमेहात बधिर झालेल्या पायाचंही गणित हेच आहे. त्याची तपासणी नायलॉनच्या एका तंतूने होते. तो तळव्यावर टेकवून दाबला की १० ग्रॅमच्या भाराला वाकतो आणि एकदा वाकला की आणखी दाबूनही जोर फारसा वाढत नाही. तपासणारा हात आशा सेविकेचा असो वा डॉक्टरांचा, तळव्याला दाब सारखाच पोचतो. किती सुंदर युक्ती! साखर मोजायला आलेल्या प्रत्येकाचा मोजा त्याच भेटीत उतरवावा, घट्टे पाहावेत, चपलेचा तळ कुठे झिजलाय ते पाहावं. गुडघेदुखीच्या माणसाला सांगावं, की एक किलो वजन उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो.

आणि काठीची उंची? ताठ उभं राहून हात सैल सोडावा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. जास्त असेल तर करवतीने कापावी.