अतिनील सूर्यासाठी जुळवता येणारी गाळणी

पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली 'सूट' ही दुर्बीण २०२३ साली 'आदित्य-एल१' यानातून अवकाशात गेली. तिच्यात ११ प्रकाश-गाळण्या आहेत. २०० ते ४०० नॅनोमीटर या पट्ट्यातील ठरावीक तरंगलांब्याच त्या पुढे सोडतात. २८० नॅनोमीटरजवळच्या मॅग्नेशियमच्या वर्णरेषा त्यांतल्याच. हा प्रकाश वातावरणातील ओझोन अडवतो, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते.

गाळणी एकाच तरंगलांबीला बांधलेली असली, की सूर्यावरचा वायू कुठे तेजस्वी आहे ते दिसते. तो वर उसळतो आहे की खाली कोसळतो आहे, हे मात्र कळत नाही. सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येणाऱ्या वायूची ही रेषा डॉप्लर परिणामामुळे जेमतेम ०.००९ नॅनोमीटर सरकते. (२८० × १० ÷ ३,००,००० हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे.) नासाचे 'आयरिस' यान असे सरकणे २०१३ पासून मोजते, पण फटीतून, आणि फटीत एका वेळी सूर्याची अरुंद पट्टीच मावते. संपूर्ण चित्र हवे, तर रेडिओचा काटा फिरवावा तशी गाळणीच रेषेवरून सरकवता आली पाहिजे.

त्याची युक्ती फाब्री आणि पेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८९० च्या दशकातच दिली. दोन अर्धपारदर्शक आरसे समोरासमोर ठेवायचे. त्यांमधील अंतराची दुप्पट ज्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत बसते, तोच प्रकाश पार होतो. (अशा तरंगलांब्या अनेक असतात, म्हणून जोडीला एक साधी गाळणी लागतेच.) साबणाचा पापुद्रा पातळ होताना त्यावरचे रंग बदलतात, तेही व्यतिकरणामुळेच. आरशांमधील अंतर ०.१ मिलिमीटर असेल, तर वरच्या उदाहरणात ते फक्त ३ नॅनोमीटरने बदलावे लागते! विद्युतदाब दिल्यावर जाडी बदलणारे स्फटिक हे काम करतात.

दृश्य प्रकाशात अशा गाळण्या रुळल्या आहेत. अतिनील प्रकाशात खरी पंचाईत आरशांची होते. तरंगलांबी निम्मी, की पृष्ठभागाचा खडबडीतपणाही निम्माच चालतो. शिवाय प्रकाश आरशांमध्ये अनेकदा ये-जा करतो. दर परावर्तनाला दहावा हिस्सा वाया गेला, तर दहा परावर्तनांनंतर फक्त ३५ टक्के उरतो. दृश्य प्रकाशासाठी वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइडचे थर तर अतिनील प्रकाश गिळूनच टाकतात. ॲल्युमिनियम चांगले, पण हवा लागताच त्यावर ऑक्साइड साचते. म्हणून ते निर्वातात चढवल्याबरोबर, हवा आत येण्यापूर्वीच, त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ थर द्यावा लागतो.