गाडीचा एसी आणि पाण्याचा उत्कलनबिंदू



बार्शीटाकळीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात गाडीचा एसी बंद पडला की आपण गॅरेजमध्ये जाऊन एकच म्हणतो, "गॅस भरून द्या." मीही तेच म्हटलं होतं. मेकॅनिकने आधी एक पंप लावला आणि म्हणाला, "मॅडम, अर्धा घंटा थांबा. आतली हवा काढल्याबिगर गॅस भरून काई फायदा नाई."

हे काम म्हणजे व्हॅक्यूम करणे. ते का करतात?

दुरुस्तीसाठी पाईप उघडला की आत हवा शिरते आणि हवेसोबत बाष्पही. एसीतला गॅस दाबाखाली द्रवरूप होतो, हवा मात्र तशी होत नाही. ती जागा अडवते, दाब वाढवते आणि थंडावा कमी होतो. बाष्पाचा त्रास तर आणखी मोठा. व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात त्याचा बर्फ होऊन वाट बंद होते. शिवाय गॅस आणि ऑइलसोबत मिळून त्याचं आम्ल तयार होतं आणि आतले भाग गंजतात.

आता मुलांचा प्रश्न येईल, "पाईपातलं पाणी पंप कसं काढतो?" उकळून! विस्तव न लावता.

पाणी १०० अंशाला उकळतं, पण ते हवेचा दाब ७६० मि.मी. असताना. दाब कमी झाला की उत्कलनबिंदूही उतरतो. ४० अंश तापमानाला सुमारे ५५ मि.मी. दाबावरच पाणी उकळतं. चांगला पंप दाब याच्याही खूप खाली नेतो. पाण्याची वाफ होते आणि पंप ती ओढून घेतो. आपल्याला नकोसं वाटणारं वऱ्हाडातलं ऊन इथं कामी येतं. थंडीत याच कामाला जास्त वेळ लागतो.

वर्गात हे दाखवता येतं. बिनसुईच्या सिरिंजमध्ये थोडं गरम पाणी घ्या, तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे ओढा. पाणी उकळायला लागेल. गरम पाणी शिक्षकांनीच हाताळावं.

पंप बंद केल्यावर मेकॅनिक मीटरचा काटा बघत थांबतो. काटा परत चढला तर कुठंतरी गळती आहे किंवा आत ओल राहिली आहे. तेव्हा गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. पैसे तर जातातच, पण बऱ्याच गाड्यांमध्ये असलेला आर-१३४ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणून जुना गॅसही हवेत न सोडता मशीनने काढून घ्यायला हवा.

१६ सप्टेंबरच्या ओझोन दिनाला हा पाठ जरूर घ्या. आणि पालकहो, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये एवढं नक्की विचारा, "व्हॅक्यूम केलं का? काटा थांबला का?"