गीझर दुरुस्त करावा की बदलावा?



नरक चतुर्दशीची पहाट. उटणे कालवून तयार, मुले डोळे चोळत उभी आणि गीझरचे बटण दाबताच घरातली वीज गुल! गेल्या दिवाळीत इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या घरी हेच झाले. अभ्यंगस्नान पातेल्यात तापवलेल्या पाण्यावर उरकले. गावच्या तांब्याच्या बंबाची आठवण निघाली, हे सांगायला नकोच!

हे नेमके दिवाळीतच का होते? उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की आपण गीझर बंदच ठेवतो. (उलट बंद गीझरमधले पाणी जरा गार म्हणून तेच अंघोळीला घेतो!) महिनोन्महिने बंद असलेला गीझर थेट सणाला सुरू होतो आणि त्याचे दुखणे तेव्हाच कळते.

एक कारागीर म्हणाला, "एलिमेंट बदला." दुसरा म्हणाला, "नवीनच घ्या." खरे कोणाचे? थोडी चौकशी केल्यावर आम्हाला जे समजले ते असे:

दुरुस्तीने भागते, जर... पाणी तापत नसेल, फार तापत असेल किंवा वीज ट्रिप होत असेल. बहुधा एलिमेंट किंवा थर्मोस्टॅट गेलेला असतो आणि हे भाग सुटे मिळतात. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे थेंब पडणे चालते. सतत गळत असेल तर व्हॉल्व्ह बदलावा, पण त्याचे तोंड कधीही बंद करू नये! आतला वाढलेला दाब बाहेर पडायची तीच वाट आहे.

बदलावाच लागतो, जर... टाकीच गळत असेल. आतून गंजलेल्या टाकीला ठिगळ टिकत नाही. फक्त गरम नळालाच तांबूस पाणी येत असेल तर संशय गीझरवर. गार नळालाही येत असेल तर दोष पाइपात किंवा गच्चीवरच्या टाकीत शोधावा.

मधली परिस्थिती असेल तर वय बघा. साठवणीचा गीझर साधारण ८ ते १२ वर्षे चालतो. ८ वर्षे उलटली असतील आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर नवा घेणेच बरे.

आमच्या गीझरचे एलिमेंट गेले होतेच, पण बाथरूमच्या फॉल्स सीलिंगचे झाकण काढल्यावर टाकीच्या जोडावर गंज आणि ओल दिसली. नवे एलिमेंट महिनाभर चालले असते आणि मग पाणी खालच्या शेजाऱ्यांच्या छतातून उतरले असते! म्हणून बदलला.

खर्च कोणाचा? दुबईच्या २००७ च्या कायदा क्रमांक २६ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर देखभाल आणि दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी आहे. मात्र अनेक करारांत ठरावीक रकमेपर्यंतची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूवर टाकलेली असते. तेव्हा आधी करार वाचा, मग फोटोसह ईमेल पाठवा. आम्ही नुसता फोन केला होता, त्यामुळे "तुम्ही कळवलेच नाही" हे ऐकावे लागले.

नवा घेताना: ५० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २ युनिट वीज लागते. १५०० वॉटच्या गीझरला त्यासाठी साधारण सव्वा तास पुरतो, त्यामुळे दिवसभर चालू ठेवायची गरज नाही. टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा दांडा दर दोन-तीन वर्षांनी तपासून घ्या. टाकीचे आयुष्य त्यावरच अवलंबून आहे.

आणि शेवटचे, पण महत्त्वाचे. वीज ट्रिप होत असेल तर ब्रेकर पुन्हा पुन्हा वर करू नका. तो आपला जीव वाचवत असतो. गीझरचा स्विच बंद ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

यंदा दसऱ्यालाच गीझर एकदा सुरू करून बघा. काही बिघाड निघालाच, तर दिवाळीपर्यंत वीस दिवस हातात असतील!