निकाल माहीत असूनही

सबमिशनच्या आदल्या रात्री द्वारकानाथ संझगिरींचे जुने क्रिकेट-लेख पुन्हा काढून बसलो. रूम-पार्टनर म्हणाला, "अरे, निकाल तर माहीत आहे, मग वाचतोस काय?"

प्रश्न रास्त आहे. पण स्कोअरकार्ड 'किती' ते सांगतं, 'कसं' ते नाही. १९ ऑक्टोबर २०२३, आपल्या निगडीजवळचं गहुंजे, वर्ल्ड कपची मॅच. भारताने बांगलादेशला ७ गडी राखून हरवलं, कोहली नाबाद १०३. झालं, कार्ड संपलं! पण त्याचं शतक व्हावं म्हणून समोरच्या राहुलने एकेरी धावा नाकारल्या आणि शेवटी एकाच षटकारात विजय आणि शतक दोन्ही आलं. धाव न काढल्याचा आनंद फक्त चाहत्यालाच कळतो. संझगिरी लिहीत ते याच चाहत्याच्या बाजूने, मध्येच हिंदी सिनेमाची आठवण काढत.

आणि मित्रांनो, हा माणूस होता सिव्हिल इंजिनियर! मुंबई महापालिकेतली नोकरी सांभाळून ते लिहीत राहिले. संदीप पाटील संपादक असलेल्या 'एकच षटकार' पाक्षिकाचं कामही त्यांनी केलं. ६ फेब्रुवारी २०२५ ला ते गेले.

'एकदा नोकरी लागली की छंद गुंडाळायचा' असं आपण सगळेच गृहीत धरतो. हे लेख पुन्हा वाचले, की ते पटेनासं होतं.